चार आकडे

प्रिय संघदीप,

तुला आणि सूनबाईला बाबाचा सप्रेम जय भीम. मैत्रेयीला पापा. तिचे पुढचे दात आले का ते कळव. तुझी आई रोज विचारते, जसे काही ते दात मीच लपवून ठेवले आहेत.

पत्र पाहून तू दचकशील. घाबरू नको, आम्ही दोघं जिवंत आहोत. मी तुला शेवटचं पत्र लिहिलं ते तू पुसदला वसतिगृहात होतास तेव्हा. त्यानंतर फोन आले आणि माझी लिहायची सवय गेली. पण फोनवर तुझ्यामागे यंत्रांचा आवाज असतो, नाहीतर तू कंपनीच्या बसमध्ये उभा असतोस. मला एखादी गोष्ट सांगायची तर आधी थोडं इकडचं तिकडचं बोलावं लागतं. तेवढ्यात तू म्हणतोस, बाबा, मुद्द्याचं बोला. आणि मुद्द्याचं बोलायला गेलो की मी बकरीचं नाहीतर पावसाचं बोलत बसतो. म्हणून विहारात येऊन लिहितो आहे. वर्षावासाचं वाचन संपलं, ग्रंथ कापडात बांधून ठेवला, आता दुपारच्याला इथे कोणी नसतं. मी चौथी शिकलेला माणूस. चुका असतील त्या सुधारून वाच.

तू माझ्यावर रागावला आहेस, आणि राग येण्यासारखंच मी वागतो आहे. फवारताना अंगावर घालायचा तो संच तू मोबाईलवरून मागवलास, आधीच पैसे भरलेस, आणि तो काही माझ्या हातात आला नाही. तू तक्रार केलीस. कंपनी पैसे परत द्यायला तयार झाली. अट एवढीच की ज्याच्या पत्त्यावर माल यायचा होता त्या डोमाजीनं, म्हणजे मी, कंपनीच्या फोनवर एकदा सांगायचं की माल मिळाला नाही. तो फोन येतो आणि मी उचलत नाही. एकदा उचलला तेव्हा बाई फार गोड हिंदीत बोलली, मला फक्त माझं नाव समजलं, आणि मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून दुपारी मी तो बंदच ठेवतो. परवा तू आईला म्हणालास, बाबाले एक शब्द बोलाचा हाय, 'नाही'. तेवढंबी जमत नाही का? तुझी आई माझ्याकडे पाहत राहिली. तिला माहीत आहे का जमत नाही ते. तुला माहीत नाही, कारण मी तिला शपथ घातली होती.

संच का मागवलास ते मी विसरलो नाही. गेल्या साली आपल्या जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं गेली, टीव्हीवर दाखवलं, आणि तू पुण्याहून रोज फोन करायला लागलास. त्या साली कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पंपाची नळी वर धरावी लागायची आणि औषध परत आपल्याच तोंडावर यायचं. मी तोंडाला दुपट्टा बांधून मारलं, मला काही झालं नाही, पण तुझ्या मनातून भीती गेली नाही. यंदा मृग लागायच्या आधीच तू बजावलंस, संच आल्याशिवाय पंपाला हात लावाल तर पाहा. आईच्या मोबाईलवर त्याचा फोटो पाठवलास. तिनं तो शेजारणीला दाखवला आणि म्हणाली, माहा नवरा आता चंद्रावर जाते पाय! मी वरवर चिडलो. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. माझ्या बापानं माझ्यासाठी पायताणसुद्धा मापाचं आणलं नव्हतं, आणि माझ्या पोरानं माझ्या डोळ्यांसाठी चष्मा, हातांसाठी मोजे असं सगळं निवडून निवडून मागवलं. मी आईला म्हटलं, ते आलं की आधी घालून फोटो काढू आणि त्याला पाठवू.

बकरी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी. एक अशक्त आहे. आई तिला बाटलीनं दूध पाजते. पावसानं मधे फार ताण दिला, मग एकदम आला. बोंडअळी यंदाही आहेच. लोकांनी शेतात ते कामगंध सापळे लावले, मीही लावले. त्यात रोज पतंग पडतात आणि आपण रोज जाऊन पाहतो की किती पडले. नुसतं पाहायचं. पाहून काय करायचं ते कोणी सांगत नाही.

तू मला फोनवर विचारलं होतंस, तो पार्सलवाला कोण आहे, कुठला आहे. मी म्हटलं, असेल कोणी. हे मी खोटं बोललो. त्याचं नाव रवी. बोरी अरबच्या पलीकडच्या वस्तीतला, तुझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी लहान. दारव्ह्याला देवीलालचं पार्सलचं ऑफिस आहे, तिथून माल उचलून तो या भागातल्या गावांत वाटायचा. बाकीचे पार्सलवाले फाट्यावरून फोन करतात, या म्हणतात, घेऊन जा म्हणतात, पाच मिनिटं वाट पाहतात आणि निघून जातात. रवी दारापर्यंत यायचा. चिखल असला तर गाडी पुलाजवळ ठेवून चालत यायचा. त्याची काळी पिशवी त्याच्याएवढीच उंच होती. पोरी त्याला दुरून पाहूनच ओरडायच्या, आला रे बिऱ्हाडवाला! गावात कोणाचा मोबाईल आला, कोणाची साडी आली, कोणाचं केसांचं तेल आलं, सगळं त्याला ठाऊक, पण एकाचं दुसऱ्याला सांगायचा नाही. तुझ्या आईनं दोनदा खोदून विचारलं की सरपंचाच्या सुनेचं एवढं मोठं खोकं कशाचं होतं. तो म्हणाला, मावशी, माह्या पिशवीतून खोकं निंगते, पण पोटातली गोष्ट तोंडातून निंगत नाही. आईला तो आवडायचा. चहा घेतल्याशिवाय ती त्याला जाऊ द्यायची नाही.

तुझं पार्सल घेऊन तो पहिल्यांदा आला तो शनिवार होता, मला आठवतं, कारण दर शनिवारच्या दारव्ह्याच्या कामाला जायचं मी टाळलं होतं. त्यानं अंगणातूनच हाक मारली, डोमाजीकाका, तुमच्या पोरानं विमान धाडलं, या उतरवून घ्या. खोकं हातात घेऊन त्यानं मोबाईल काढला आणि म्हणाला, चार आकडे सांगा. मला वाटलं पत्त्यातले काही आकडे असतील. मी घर नंबर सांगितला. तो हसला. मग त्यानं समजावलं की माल हातात द्यायच्या आधी मागवणाऱ्याच्या मोबाईलवर चार आकडे येतात, ते सांगितले की तो त्याच्या मोबाईलमध्ये टाकतो, मग माल पोचला असं कंपनीत दिसतं. आकडे तुझ्या मोबाईलवर आले असणार. मी तुला फोन लावला. लागला नाही. कामाच्या वेळी तुमचे फोन गेटवर जमा करून घेतात हे मला ठाऊक आहे. त्यात तुझा काही दोष नाही. हे पुढेही एकदा लिहीन, पण आत्ताच लिहून ठेवतो, त्यात तुझा काही दोष नाही. तुझी आई म्हणाली, अरे ठेव ना बापा खोकं, पोराचा फोन आला का सांगतो तुले आकडे. रवीनं कानाला हात लावले. मावशी, आकड्याबिगर देल्लं आन् उद्या कोणी म्हटलं का भेटलंच नाही, तं थे माह्या बोकांडी बसन. उद्या आणतो. त्यानं चहा घेतला, खोकं परत पिशवीत गेलं.

संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी सांगितलं की पार्सलवाला येऊन गेला, आकडे पाहिजेत. तू म्हणालास, ते जुने झाले, तो परत येईल तेव्हा नवे येतील, तेव्हा मला लगेच फोन करा. पुन्हा आला तेव्हा तू पुन्हा पाळीवर होतास. तिसऱ्यांदा तो मुद्दाम सकाळी लवकर आला, की तुझी पाळी सुरू व्हायच्या आत साधावं, तर आपल्याकडे मोबाईलला रेंज नव्हती. तो आंब्यावर चढला, संघदीप. हातात मोबाईल धरून आंब्यावर चढला, आणि आई खालून ओरडत होती, उतर रे, हातपाय मोडून घेशील तं कोणाच्या बोकांडी बसन थे? रेंज काही आली नाही, पण आम्ही सगळे फार हसलो त्या दिवशी.

इथपर्यंत लिहून मी उठून पाणी पिऊन आलो. आता पुढचं लिहितो.

पऱ्हाटीला पात्या लागल्या होत्या, बोंडं धरत होती, आणि तुडतुडे आले. पानं खालून लाल पडायला लागली. शेजारच्यांनी फवारलं की तिकडचे सगळे आपल्या वावरात येतात, हे तुला सांगायला नको. रोज वावराच्या कडेला, धुऱ्यावर जाऊन मी उभा राहायचो आणि रोज तुझा फोन यायचा, बाबा, पंपाला हात लावला नाही ना? मी म्हणायचो, नाही. आईही पहारा ठेवून होती. तिनं पंप खाटेखाली लोटून वर गोधड्या टाकल्या होत्या. मजूर मिळत नव्हता. गेल्या सालचं पाहून पोरं फवारणीला येत नाहीत, आणि येतात ते मोठ्या वावरवाल्यांकडे जातात. रवी मोसमात सकाळी फवारणीला जायचा हे मला माहीत होतं. पार्सलं दुपारी दारव्ह्याहून सुटतात, तोपर्यंत सकाळ मोकळी. एकदा चहा पिता पिता मी त्याच्याजवळ कुरकुर केली. बस एवढंच केलं, कुरकुर केली. तो म्हणाला, काका, मीच मारून देतो ना उद्या. तुमचं विमान तं माह्या पिशवीतच अडकून पडलं, माह्यामुळेच खोळंबले तुम्ही. मी नाही म्हणालो नाही. 

सकाळी तो आला तेव्हा पिशवी त्याच्या गाडीलाच होती. त्या दिवशी ऑफिसातून माल उचलायचा होता, म्हणून पिशवीत दुसरं काही नव्हतं, आपलं एक खोकं तेवढं. वावरात गाडी जात नाही, गाडी रस्त्यावर सोडून पिशवी त्यानं पाठीवर घेतली. मी म्हटलं, एवढी मोठी पिशवी कायले आणली रे वावरात? तो म्हणाला, रस्त्यावर कोणी हात घालन, परक्याचा माल हाय. धुऱ्यावरच्या कडूलिंबाच्या फांदीला त्यानं ती अडकवली. मी ड्रमात औषध कालवलं. त्यानं तोंडाला दुपट्टा बांधला आणि पंप पाठीवर घेतला. मी लिंबाखाली उभा होतो आणि ती पिशवी माझ्या डोक्याशी लटकत होती. मी म्हटलं, रवी, थे खोकं फोड ना बाप्पा. माहंच हाय, मी म्हणतो तं फोड. आतलं घाल आन् मंग मार. संघदीप, हे मी खरंच म्हटलं होतं. आईची शपथ घेऊन सांगतो. दोनदा म्हटलं होतं.

तो हसला. दुपट्ट्यातून त्याचे डोळेच दिसत होते, पण हसला हे कळलं. काका, तुमचं कधी झालं थे? आकडे देल्ले का तुम्ही? आकडे येतवर थे कंपनीचं हाय. सील तुटलं तं मले माहं घर इकाव लागन. आणि वर म्हणाला, घामेजलेल्या अंगानं घातलं आन् मंग तुम्हाले देल्लं, तं तुमचं पोरगं म्हणन, बाबा, याले वास कायचा येते?

मी तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, किंवा मीच फोडायला हवं होतं. पण नियम आपल्याला ठाऊक नाही, उगाच रवीच्या नोकरीवर येईल, असं मला वाटलं. तू मला ओळखतोस. मी कागदाला भिणारा माणूस. रेशनच्या दुकानात अंगठा लागला नाही तर मी मुकाट्यानं घरी परत येतो. मी भ्यालो, तो निघाला.

वारा उलटा होता की नाही ते आता आठवत नाही. मी फार वेळा आठवून पाहिलं. चार पंप झाले तेव्हा तो बांधावर येऊन बसला, पाणी मागितलं आणि डोळे चोळले. मी म्हटलं, बस झालं. तो म्हणाला, पऱ्हाटीच्या एवढ्या तीन तासा राह्यल्या, संपवून टाकतो. ओळींच्या मधोमध पंपाचा आवाज नुसता चालू राहिला आणि माणूस दिसेना. मी पऱ्हाटीतून वाट काढत गेलो. तो गुडघ्यावर बसला होता. ओकला होता. तोंडातून फेस, अंग सगळं घामानं ओलं. मला म्हणाला, काका, अंधारं काहून झालं? सकाळचं ऊन होतं, संघदीप, डोळे दिपतील असं ऊन होतं.

गावातल्या नानाजीनं त्याचा ऑटो थेट वावराच्या रस्त्यापर्यंत आणला. मी मागे बसलो, रवीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. तिथे त्याच्यासारखे आणखी होते, पलंगाला हात बांधलेले, कारण ते झटापट करतात. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. त्याची बायको उर्वशी आली, पोटाशी लहान लेकरू. ती मला ओळखत नव्हती. तिनं विचारलं, कोणाच्या वावरात? मी म्हटलं, माझ्या. ती आत गेली. एक दिवस तो शुद्धीवर आला, बोलला, आम्हाला वाटलं निभावलं. मला पाहून म्हणाला, काका, पिशवी? मी म्हटलं, आहे, नीट आहे. त्यानं मान हलवली. त्यानंतर तो बोलला नाही. पोळ्याच्या आधी गेला.

तुला आठवत असेल, त्या दिवसांत माझा फोन बंद होता आणि आई तुला म्हणाली होती की बाबा धम्म परिषदेला गेले आहेत. तेव्हा मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो.

परत आलो आणि दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. पहिलंच वाक्य, बाबा, पार्सल आलं का? मी म्हटलं, नाही. खरंच आलं नव्हतं. तू म्हणालास, पंपाला हात नाही ना लावला? मी म्हटलं, नाही. तेही खरंच. मग तू म्हणालास, हे पार्सलवाले सगळे चोर असतात, थांबा, मी पाहतो त्याला. मला वाटलं, पिशवी देवीलालकडे गेली असेल, खोकं कंपनीकडे परत जाईल, तुला तुझे पैसे मिळतील आणि ही गोष्ट इथेच बुजेल. तुला कशाला सांगायचं? तू तिकडे लांब. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लहानपणी कोंबडीचं पिल्लू तुझ्या पायाखाली आलं तर तू दोन दिवस जेवला नव्हतास. तुला कळलं की त्या शनिवारी फोन लागला असता तर काय झालं असतं, तर तू त्या यंत्रापुढे उभा राहून तेच आठवत बसशील, आणि यंत्रात हात जाईल. रात्री याच भीतीनं मला झोप येत नव्हती. आई म्हणायची, सांगून टाका, बुवा, पोरगं हाय थे, काचेचं भांडं नाही. मी म्हणायचो, काचेचंच आहे.

हे दुसऱ्यांदा लिहितो. त्यात तुझा काही दोष नाही. तू तर वाचवायलाच पाठवलं होतंस. पंप माझा, औषध माझं, वावर माझं, कुरकुर मी केली. तुझा फोन गेटवर होता कारण तिथला तसा नियम आहे. रवीनं खोकं फोडलं नाही कारण इथला तसा नियम आहे. कोणी नियम मोडला नाही. माझ्यासारखी भित्री माणसं सगळीकडे भरली आहेत, दुसरं काय.

पण गोष्ट बुजली नाही. तुझी तक्रार वरून खाली आली, देवीलालकडे. तो माणूस वाईट नाही, पण त्याच्याही वर कोणी आहे. तो उर्वशीच्या घरी गेला आणि म्हणाला, एक माल कमी आहे, ग्राहकानं लिहून दिलं आहे की पार्सलवाल्यानं ठेवून घेतला. तिच्या घरी तेव्हा दुखवट्याला माणसं बसली होती. सगळ्यांच्या देखत चोर हा शब्द त्या घरात बोलला गेला. एक म्हातारी म्हणाली म्हणे, मेल्यावर बी माणसाले सोडत नाही हे कंपनीवाले. पण दुसरं कोणी असंही म्हणालं की, असल बाप्पा, पोटासाठी माणूस काय करत नाही. ही गोष्ट मला नानाजीनं सांगितली. मी त्या दिवशी जेवलो नाही. 

उर्वशी आता रवीचं काम मागते आहे. गाडी ती शिकली. त्याच्याच वाटेवर, त्याच गावांत पार्सलं वाटीन म्हणते. लेकरू सासू सांभाळेल. देवीलाल तयार आहे, पण म्हणतो, त्या नावावरची तक्रार मिटल्याशिवाय वरचे लोक त्या घरातलं माणूस घेत नाहीत. मी स्वतः दारव्ह्याला जाऊन त्याच्यासमोर हात जोडले, सगळं सांगितलं, कुठे पाहिजे तिथे सही करतो म्हटलं. तो म्हणाला, काका, तुमच्या सांगण्यानं होत नाही. ज्यानं तक्रार केली त्यानंच ती मागं घ्यायची, आणि माल पोचला म्हणायचं. आणि इकडे त्या बाईचा फोन रोज वाजतो, मी 'नाही' म्हणावं म्हणून. मी 'नाही' म्हटलं की तुला पैसे मिळतात, आणि रवी कायमचा चोर होतो. म्हणून उचलत नाही.

आता हे पत्र आजच का लिहितो ते सांगतो. काल सकाळी आई बकरीच्या पिल्लाला पाजत होती आणि रस्त्यावर रवीच्या गाडीचा आवाज आला. आईच्या हातातून बाटली पडली. उर्वशी होती. गाडी तिनं पुलाजवळ ठेवली आणि चालत आली, पाठीवर तीच पिशवी. ती पिशवी इतके दिवस तिच्या घरी खुंटीला होती, नानाजीनं लिंबावरून काढून गाडीसोबत नेऊन दिली होती हे मला कालच कळलं, आणि तिला ती उघडवत नव्हती. परवा उघडली तर आत आपलं खोकं. वर माझं नाव, तुझं नाव, सील जसंच्या तसं. मी दोन्ही हात पुढे केले. तिनं खोकं दिलं नाही. छातीशी धरून अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, काका, आकडे सांगा. आई रडायला लागली. उर्वशी रडली नाही. म्हणाली, थे आकड्याबिगर कोणालेच देत नव्हते. मी बी नाही देत. चहा घेतला, खोकं पिशवीत ठेवलं आणि गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा येणार आहे. म्हणून पैसे परत मागू नको, बाळा. तक्रार मागं घे आणि त्या बाईला कळव की माल पोचतो आहे. नवे आकडे मागव, आणि शनिवारी गेटवर फोन देऊ नको, एक दिवसाचा खाडा झाला तरी होऊ दे. ती अंगणात उभी राहील तेव्हा मी तुला फोन लावीन, तू ते चार आकडे तिलाच सांग, मला नको. दुसरं काही बोलू नको, माफीबिफी मागू नको. नुसते आकडे सांग. तिच्या नवऱ्याची एवढी एकच फेरी राहिली आहे.

तुझाच,
बाबा